हातचा एक

“पंचेचाळीस आणि तीस पंच्याहत्तर, साठ गेले पंधरा, हातचा एक.” हेडफोनमधून हे शब्द कानावर पडले आणि मी चटकन मागे वळून पाहिले, कारण मला वाटले की लेक गृहपाठाची वही घेऊन माडीवर आली असावी. दार तर आतून बंद होते. बाहेर आषाढातला पाऊस पत्र्यावर कोसळत होता, खोलीत दोरीवर तीन दिवसांचे न वाळलेले कपडे कुबट वास सोडत लोंबत होते, आणि तो आवाज घरातला नसून पडद्यातला होता. मराठवाड्यातल्या आपल्या घरी बसून मुलाखत देणारा चोवीस-पंचवीस वर्षांचा एक मुलगा स्वतःशीच हिशेब पुटपुटत होता, आणि आपला माइक चालू आहे याचे त्याला भान नव्हते. ज्या कंपनीसाठी मी चार वर्षे साताऱ्यातल्या या माडीवरून काम करते आहे, तिच्या पडद्यावर मी ऐकलेले ते पहिले मराठी वाक्य होते. ते ऐकून मला जो आनंद झाला तो मी चेहऱ्यावर दिसू दिला नाही. पुढे जे घडले त्यात त्या दडवलेल्या आनंदाचा वाटा बराच मोठा आहे, असे मला अजूनही वाटत राहते.

मुलाखत घेणारे आम्ही दोघे होतो. प्रश्न विचारण्याचे काम लिस्बनमधल्या सहकाऱ्याकडे होते. मी दुसरी, म्हणजे बहुतांशी ऐकणारी आणि टिपणे घेणारी. माझ्याकडे रात्रीचे साडेआठ वाजले होते, त्याच्याकडे दुपारचे चार. प्रश्न आमच्या नेहमीच्या संचातला होता: वेगवेगळ्या देशांत बसलेल्या तिघांच्या मोकळ्या वेळा दिल्या आहेत, तिघांनाही जमेल अशी बैठकीची वेळ शोधून देणारा प्रोग्राम लिहा. जगभर विखुरलेल्या कंपनीने नेमका हाच प्रश्न विचारावा यात गंमत आहे, कारण आमचा निम्मा जीव याच कोड्यात जातो. उमेदवाराला सुरुवातीचा थोडा कोड आम्हीच देतो आणि त्यात प्रत्येक शहराचा ग्रिनिचपासूनचा फरक पूर्ण तासांत साठवलेला असतो. लंडन शून्य, बर्लिन एक, न्यूयॉर्क उणे पाच. हा कोड मी दीड वर्षात निदान वीस मुलाखतींत पाहिला होता, आणि ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असलेल्या देशात जन्मूनही त्यात काही राहून गेले आहे असे मला एकदाही वाटले नव्हते. या मुलाने दुसऱ्याच मिनिटाला विचारले की यात भारत कसा बसवायचा. सहकारी हसला आणि म्हणाला की प्रश्न चांगला आहे, तुला योग्य वाटेल ते कर. मुलाने सगळे तास मिनिटांत बदलायला घेतले.

आपल्या वेळेतला तो अर्धा तास हा जगभरच्या प्रोग्रामरांच्या भातातला जुना खडा आहे. नेपाळ तर आणखी पुढे जाऊन पाऊण तासावर बसला आहे. जगातल्या बहुतेक संगणकांत देशोदेशींच्या वेळांची एक सामायिक नोंदवही असते आणि तिच्यात अख्खा भारत ‘आशिया/कोलकाता’ या एकाच नावाखाली आहे, त्यामुळे साताऱ्यातला माझा लॅपटॉपही स्वतःला कोलकात्यातला समजतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतातली घड्याळे तासभर पुढे, साडेसहावर नेली होती, याचीही नोंद त्या वहीत आहे. १९०६ मध्ये साऱ्या देशाला एक प्रमाणवेळ लागू झाल्यावरही मुंबईने ३९ मिनिटे मागे असलेली आपली वेगळी वेळ पुढची चार दशके आणि वर थोडी वर्षे हट्टाने सांभाळली होती, म्हणजे मिनिटामिनिटासाठी अडून बसण्याची आपली खोडही तशी जुनीच आहे. आमच्या घरात घड्याळाच्या या भानगडी सगळ्यात आधी सासूबाईंच्या लक्षात येतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेची घड्याळे पुढे जातात, युरोपची शेवटच्या रविवारी, आणि मधल्या दोन-तीन आठवड्यांत माझ्या बैठका कुठेही उगवतात. “तुझ्या अमेरिकेचं घड्याळ फिरलं का गं? मग आजपासून भाकरी तासभर आधी थापते,” असे त्या म्हणतात आणि नोव्हेंबरात हाच तास परत घेतात. मला कॅलेंडर पाहावे लागते, त्यांना लागत नाही.

तर तो मुलगा मिनिटांच्या बेरजा करत होता. ग्रिनिचचे पावणेपाच म्हणजे भारतात किती, हे तो तोंडी काढून पाहत होता, म्हणजे प्रोग्रामने दिलेले उत्तर त्याच्याशी ताडून बघता यावे. “सोळा आणि पाच एकवीस, हातचा एक बावीस. बावीस पंधरा. सव्वादहा. बरोबर.” तोंडी हिशेब करणाऱ्या कुणाचीही जाते तशी त्याची नजर पडद्यावरून सुटून डावीकडे वर जायची आणि ओठ हलायचे. मधे एकदा त्याने ७५ च्या जागी ५७ टाइप केले, थबकला, खोडले आणि ७५ केले. मला हसू आले. पंच्याहत्तर म्हणताना आपण पाच आधी म्हणतो आणि सत्तर मागून आणतो. बोटे जिभेच्या मागे धावली की आकडे उलटतात. तिसरीत फळ्यापाशी उभी राहून मी असे आकडे किती वेळा उलटे लिहिले असतील आणि किती वेळा बोटांवर पट्टी खाल्ली असेल, याची गणती नाही. मिनिटांची ती पंच्याहत्तर, तो हातचा, ते स्वतःलाच दिलेले ‘बरोबर’, हे सगळे मला इतके ओळखीचे होते की मी प्रश्न ऐकायचे सोडून त्याच्या शाळेची कल्पना करू लागले होते. चाळीस मिनिटांत त्याचा प्रोग्राम पूर्ण झाला. मध्यरात्र ओलांडणाऱ्या बैठकीचे काय करायचे, हेही त्याने न विचारता सोडवले. शेवटी त्याला काही विचारायचे आहे का, असे म्हटल्यावर त्याने जरा बुजत विचारले की या कामात रात्री किती वाजेपर्यंत जागावे लागते.

मी त्याला पाचपैकी चार गुण दिले.

आमच्याकडे अशी पद्धत आहे की आपली गुणपत्रिका लिहून जमा केल्याखेरीज दुसऱ्याची दिसत नाही. एकाच्या मताचा रंग दुसऱ्याच्या मताला लागू नये, हा त्यामागचा हेतू. मी रात्री दहा चाळीसला माझी जमा केली आणि सहकाऱ्याची उघडली. त्याने लिहिले होते की कोड उत्तम आहे, प्रश्नाची समज चांगली आहे. परंतु उमेदवार मुलाखतभर खालच्या आवाजात कुणाशी तरी बोलत होता आणि प्रत्येक वेळी त्या बोलण्यानंतर अचूक उत्तर येत होते. नजर वारंवार पडद्याबाहेर जात होती. एकदा त्याने आकडे उलटे टाइप करून मग दुरुस्त केले, जसे दुसऱ्याने सांगितलेले ऐकून लिहिताना होते. बाहेरून मदत मिळत असावी. शिफारस: नको. मी ते दोनदा वाचले. त्यातले एकही निरीक्षण खोटे नव्हते. सहकारी नीट माणूस आहे, उमेदवाराला पाणी प्यायला वेळ देणारा, त्याच्या चुकलेल्या इंग्रजीकडे दुर्लक्ष करणारा. पोर्तुगीजमध्ये इंग्रजीसारखेच सत्तर आधी येतात आणि पाच नंतर. तो लिस्बनऐवजी बर्लिनमध्ये वाढला असता तर त्या ५७ पाशी कदाचित थांबला असता, कारण जर्मन माणूसही आपल्यासारखाच पाच आधी म्हणतो.

त्याच्या संशयाला कारणेही होती आणि ती मला मान्य करावीच लागतात. गेल्या दोन वर्षांत दुरून घेतलेली मुलाखत ही एक अवघड जागा होऊन बसली आहे. प्रश्न ऐकून उत्तर पडद्याच्या कोपऱ्यात हळूच दाखवणारी साधने आता उघडपणे विकली जातात. कोलंबिया विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने २०२५ मध्ये असले साधन बनवून नाव आणि पैसा दोन्ही मिळवले. एकाने मुलाखत द्यायची आणि दुसऱ्याने कामावर यायचे, हाही प्रकार आहे. २०२५ च्या जुलैतच अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या एका बाईंना साडेआठ वर्षांची शिक्षा झाली, कारण त्यांनी आपल्या घरात कंपन्यांचे लॅपटॉप ओळीने मांडून ठेवले होते आणि उत्तर कोरियातली माणसे दुरून ते वापरत अमेरिकी नोकऱ्या करत होती. फसलेल्या कंपन्या तीनशेहून अधिक होत्या. असे काही वाचले की समोरच्या चौकोनातल्या माणसाकडे पाहताना आपली नजर आपोआप पोलिसी होते. समोरासमोरच्या मुलाखतीत माणूस दारातून येतो, खुर्ची ओढतो, त्याचे हात थरथरताना दिसतात, त्याच्या बुटांना चिखल लागलेला असतो. इथे खांद्यापासून वरचा भाग, मागे धूसर केलेली भिंत आणि दोन डोळे एवढाच ऐवज मिळतो, आणि त्या दोन डोळ्यांवरून प्रामाणिकपणा जोखायचा असतो.

माझे डोळे त्या परीक्षेत उत्तीर्ण झाले होते. २०२१ च्या उन्हाळ्यात याच कंपनीची मुलाखत मी याच खोलीत, इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून दिली. त्याआधी हिंजवडीत सात वर्षे नोकरी केली होती, कोथरूडहून कंपनीच्या बसने जाताना रोज दीड तास झोपण्याची सवय लागली होती, आणि २०१६ मध्ये लेकीच्या वेळी ती नोकरी सोडून साताऱ्याला आले ती पाच वर्षे घरीच होते. मुलाखतीच्या दिवशी घरात बंदोबस्त होता. कुकर लावायचा नाही, मिक्सर नाही, दारावरच्या बेलचे बटण बंद. सासूबाई जपमाळ घेऊन जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या होत्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला खुणेने परतवायला. विसाव्या मिनिटाला वीज गेली. इन्व्हर्टरवर पंखा आणि ट्यूब होती, राउटर नव्हता. समोरचा चेहरा तोंड अर्धवट उघडे ठेवून गोठला. मोबाइलचे हॉटस्पॉट चालू करून परत जोडले जाईपर्यंत तीन मिनिटे गेली आणि माझ्या पाठीवरून घामाचा ओघळ गेला. मुलाखत घेणारी बाई शांतपणे म्हणाली की घाई नाही, पाणी पिऊन घ्या. हे सगळे मी नंतर अनेकांना सांगितले आहे. एक गोष्ट मात्र कुणाला सांगितलेली नाही. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यामागे, भिंतीवर, अगदी माझ्या डोळ्यांच्या रेषेत मी एक कागद चिकटवला होता, आणि त्यावर पाच वर्षांच्या खंडाविषयी विचारले तर काय बोलायचे याची इंग्रजी वाक्ये मोठ्या अक्षरांत लिहिली होती. तो प्रश्न आला तेव्हा मी ती वाक्ये वाचली, शब्दन् शब्द. कागद कॅमेऱ्याच्या रेषेत असल्याने माझी नजर ढळली नाही. पुढे सहज म्हणून मी माझी गुणपत्रिका काय होती असे विचारले, तेव्हा त्यात ‘नजरेला नजर देऊन, आत्मविश्वासाने बोलतात’ असे लिहिले होते हे कळले.

आता त्या रात्रीकडे परत येते. दहा चाळीस ते बारापर्यंत मी एक टिप्पणी लिहीत होते. लिहायचे होते ते दोन ओळींचे: उमेदवार मराठीत हिशेब करत होता, मला मराठी येते, त्याच्याशी कुणीही बोलत नव्हते. हे लिहायला दीड तास का लागावा? पहिल्या खेपेला ते मला फार आवेशाचे वाटले, म्हणून खोडले. दुसऱ्या खेपेला मी मराठी अंकांची रचना समजावून सांगायला लागले आणि परिच्छेद व्याकरणाच्या तासासारखा झाला. तिसऱ्या खेपेला माझ्या मनात तो शब्द आला, ज्याला मी टाळत होते: आपला माणूस. मुलाखती घेणाऱ्यांत मी एकटी भारतीय आहे. ‘हे लोक आपल्याच लोकांना आत घेतात’ हे वाक्य मला कुणी कधी ऐकवलेले नाही, पण ते कुठल्या तरी पडद्यामागे म्हटले जात असेल असे धरून मी चार वर्षे वागत आले आहे. भारतीय उमेदवार असला की मी अर्धा गुण कमीच देते, हे त्या रात्री जुन्या गुणपत्रिका चाळताना मला दिसले. शिवाय माझी स्वतःची जागा तरी कुठे पक्की आहे? कागदोपत्री मी नोकर नाही, कॉन्ट्रॅक्टर आहे; महिनाअखेरीला जेवणाच्या टेबलावर बसून मी स्वतःच इनव्हॉइस बनवते, आणि तीस दिवसांची सूचना दिली की हा सगळा व्यवहार संपतो. घरकर्जासाठी बँकेत गेले तर साहेबांनी फॉर्म सोळा मागितला. तो नाही म्हटल्यावर कंपनीचे ऑफिस कुठे आहे असे विचारले, आणि मी अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातला एक पत्ता दाखवला, जिथे कंपनीतला कुणीही आजवर गेलेला नाही.

बाराला मी लॅपटॉप मिटला आणि सकाळी शांत डोक्याने लिहू असे ठरवले.

दुरून चालणाऱ्या कंपन्यांचा हा आवडता मंत्र आहे. तिथे तातडीचे असे काही नसते. जो तो आपल्या दिवसात, आपल्या सवडीने लिहितो आणि दुसरा आपल्या दिवसात वाचतो. प्रोग्रामरांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या गिटलॅबसारख्या कंपनीने तर आपल्या कामाच्या सगळ्या रीतीभाती एका प्रचंड हस्तपुस्तिकेत लिहून ती जगासमोर उघडी ठेवली आहे, आणि आमच्यासारख्या लहान कंपन्या तिच्याकडे पाहतच शिकल्या. ही पद्धत मला मनापासून आवडते. ज्याचा आवाज मोठा त्याचे खरे, हे इथे होत नाही. विचार करून लिहिणाऱ्याला मान मिळतो. लेकीला ताप असला तर दुपारचे काम रात्री करता येते. पण ‘सवडीने लिहू’ यात भित्रेपणाला किती आरामशीर जागा मिळते, हे मला त्या दिवशीपर्यंत उमगले नव्हते. समोरासमोर बसून निर्णय होत असता तर सहकारी “तो कुणाशी तरी बोलत होता” असे म्हणताच माझ्या तोंडून “छे, छे” निघून गेले असते. लिहायचे म्हटल्यावर ते ‘छे, छे’ कुठे लिहिणार? सकाळी नऊला, चहाचा कप हातात घेऊन मी पान उघडले तर उमेदवाराच्या नावापुढे करड्या रंगाची पट्टी आली होती. व्यवस्थापक व्हँकुव्हरला असतो. त्याने आपल्या दुपारी चार वाजता दोन्ही गुणपत्रिका वाचल्या होत्या, मत विभागलेले पाहून सावध बाजू घेतली होती आणि नकाराची मेल धाडली होती. माझ्याकडे तेव्हा पहाटेचे साडेचार वाजले होते. पाऊस थांबला होता बहुधा, कारण मला फार गाढ झोप लागली होती.

मग मी लिहिले, अर्थातच. पाच मिनिटांत लिहून झाले. कालची वाक्ये आपोआप आली, कारण आता त्यांचा काही उपयोग नव्हता आणि म्हणून भीतीही नव्हती. सहकाऱ्याने तासाभरात उत्तर दिले की त्याला फार वाईट वाटते आहे, आणि त्याची आजीही आकडेमोड करताना अशीच पुटपुटायची, हे त्याला आत्ता आठवले. व्यवस्थापकाने आभार मानले आणि भरती पाहणाऱ्या मुलीला त्या उमेदवाराशी पुन्हा बोलायला सांगितले. त्यात आठ-दहा दिवस गेले. मुलाचे उत्तर दोन ओळींचे आणि अतिशय सभ्य होते: मी दुसरीकडे रुजू झालो आहे, संधीबद्दल आभारी आहे. ते वाचून मला आधी हायसे वाटले आणि हायसे वाटल्याची लाज वाटली. त्याला गेलेली नकाराची मेल ठरलेल्या मजकुराची होती, ‘आम्ही इतर उमेदवारांचा विचार करत आहोत’ एवढीच. कारण सांगायचे नाही, हा नियम. कज्जे टाळायचे असतात. म्हणजे आपला प्रोग्राम कुठे चुकला असेल हे तो मुलगा अधूनमधून आठवून पाहत असणार आणि त्याला ते कधी सापडणार नाही, कारण तो कुठेच चुकला नव्हता. त्याला शोधून, एक ओळ मराठीत लिहून कळवावे असे मला अनेकदा वाटले. तसे करणे नियमाच्या बाहेर आहे, आणि नियमाचा आधार किती सोयीचा असतो हे मला आता चांगले ठाऊक झाले आहे.

आमच्या धंद्यात यंत्र पडले की आम्ही काय करतो, हे यावेळी आठवत राहिले. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅबच्या एका थकलेल्या अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर हुकूम दिला आणि सुमारे ३०० जीबीचा डेटाबेस पुसला जाऊ लागला. लक्षात येऊन थांबवेपर्यंत साडेचार जीबी उरला होता. बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या, त्यातली एकही धड चालत नव्हती. सुमारे सहा तासांचे काम कायमचे गेले. कंपनीने काही दडवले नाही: दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली, पुढे काय, का, कसे हे सविस्तर लिहिले, आणि त्या अभियंत्याचे नाव न घेता केवळ ‘सदस्य एक’ असे म्हटले. प्रोग्रामरांच्या जगात हे आदराने सांगितले जाते आणि आम्हीही तोच कित्ता गिरवतो. गेल्या वर्षी आमची सेवा अकरा मिनिटे बंद पडली त्यावर सात पानांचा अहवाल आहे, त्यातली दोन मी लिहिली आहेत. एका माणसाला चुकून खोटे ठरवले, यावर मात्र पान नाही. ते लिहावे असे कुणी सुचवले नाही. मीही सुचवले नाही. मी त्यातल्या त्यात सोपे काम केले, म्हणजे आमच्या मुलाखतीच्या मार्गदर्शिकेत एक ओळ घालण्याची विनंती पाठवली: उमेदवार मोठ्याने विचार करताना कोणतीही भाषा वापरू शकतो, शंका आल्यास तिथेच विचारावे. दोघांनी पसंतीचा अंगठा दिला आणि ती ओळ दुपारपर्यंत आत गेली. सुरुवातीच्या कोडातले तासही मी मिनिटांत बदलले. त्या बदलाच्या नोंदीत ‘एका उमेदवाराच्या सूचनेवरून’ असे लिहिले आहे, आणि ते कोणता उमेदवार हे विचारायला अजून कुणी आलेले नाही.

त्याच सुमारास एका संध्याकाळी लेक खरोखरच गृहपाठ घेऊन माडीवर आली. तिच्या बालभारतीच्या पुस्तकाने आकडे वाचायची वेगळी रीत दिली आहे. २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात ‘वीस एक’, ‘सत्तर पाच’ असे वाचन आले तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मीही तेव्हा नाक मुरडले होते, की आमच्या पंच्याहत्तरचे काय वाईट होते म्हणून. लेक मात्र दोन्ही सहज बोलते, शाळेत एक आणि आजीशी दुसरे, आणि तिचे आकडे उलटत नाहीत. मी तिला म्हटले, “पंचेचाळीस आणि तीस किती?” ती म्हणाली, “सत्तर पाच.” मग माझा चेहरा पाहून म्हणाली, “पंच्याहत्तर गं, आई. तेच ते.” तेच ते आहे खरे. तरीही तिने बेरीज केली ती मनातल्या मनात, ओठ न हलवता. मी तिला सांगणार होते की अगं, मोठ्याने म्हण, पण सांगितले नाही.

परवा पुन्हा मुलाखत होती. यावेळी प्रश्न विचारायचे काम माझ्याकडे होते आणि लिस्बनचा सहकारी दुसऱ्या जागी, ऐकायला. उमेदवार पोलंडमधला होता, उंच, किंचित वाकून बसलेला. सुरुवातीलाच, नव्या ओळीचा मान राखत, मी त्याला सांगितले की मोठ्याने विचार करायचा असेल तर हव्या त्या भाषेत करा, आम्हाला काही अडचण नाही. तो मान हलवून “थँक यू” म्हणाला आणि कामाला लागला, आणि त्यानंतरची पूर्ण चाळीस मिनिटे त्याने तोंडातून एक अक्षर काढले नाही. नजर पडद्यावर खिळलेली, चेहरा स्थिर, फक्त कळांचा खटखट आवाज. प्रोग्राम पहिल्या फटक्यात चालला. सहकारी आणि मी एकमेकांच्या चौकोनांकडे पाहत होतो, म्हणजे निदान मी तरी पाहत होते. रात्री गुणपत्रिका उघडली आणि ‘विचारप्रक्रिया’ या रकान्यात कर्सर बराच वेळ लुकलुकत राहिला. राउटरचे दिवे, दोरीवरचे कपडे, बाहेर बेडकांचा गजर. खालून ताट वाढल्याची हाक आली आणि पाठोपाठ जिन्यातून सासूबाईंचा प्रश्न आला, “काय गं, आजचा पोरगा बोलला का काही?”